विहिरीचा पिक्चर

दाजींचा फोन आला तेव्हा मी शिक्षकखोलीत उभा राहून दिल्लीचा निकाल सांगत होतो. निकाल सिनेमाच्या पुरस्कारांचा. तो लागायला अजून महिना होता, पण दरवर्षी त्या सुमाराला मी असाच सांगत सुटतो, कुणी विचारो न विचारो. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीपर्यंत आलो होतो. दाजी एवढंच म्हणाले, "बाळू, आक्का गेली रं." मी "हो" म्हणालो. आणि मनात जो पहिला विचार आला तो लिहायची लाज वाटते. पण हा सगळा लेखच लाजेचा आहे, तेव्हा लिहून टाकतो. मनात आलं, आक्काच्या यंदाच्या चिठ्ठ्या राहिल्या.

आक्का म्हणजे माझी थोरली चुलत बहीण, सुमन. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या घरात मागच्या खोलीत माग चालायचे आणि पुढच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. त्या खटखटाटात वाढल्यामुळं आमची सगळीच माणसं जरा मोठ्यानं बोलतात. आक्का नर्सिंग शिकली, सरकारी दवाखान्यात लागली आणि आयुष्यभर हुक्केरीकडच्या खेड्यापाड्यांत बाळंतपणं करत हिंडली. त्यामुळं तिचं कन्नड आमच्यापेक्षा फार गोड. लग्न होऊन निपाणीत गेली. दाजी तिथं हायस्कुलात इतिहास शिकवायचे. तरुणपणी सीमाप्रश्नात दोनदा तुरुंगात जाऊन आलेले, ताठ, कडक इस्त्रीचे. मी पन्नाशी ओलांडली तरी त्यांच्यासमोर खुर्चीला पाठ टेकून बसत नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडं बायकासुद्धा 'मी आलतो, मी गेलतो' असंच म्हणतात. पुढं आक्काच्या बोलण्यात तसं आलं तर छापखान्याला बोल लावू नका.

चिठ्ठ्यांची पद्धत आक्कानंच पाडली. मी सहावी-सातवीत असताना आमच्याकडं टीव्ही आला. रविवारी दुपारी त्यावर निरनिराळ्या भाषांमधले, बक्षीस मिळालेले सिनेमे लागायचे. खाली इंग्रजी अक्षरं पळायची. एक ओळ वाचून होईपर्यंत पुढची आलेली असायची. त्यामुळं एकच सिनेमा बघून उठलेल्या आठ माणसांनी आठ वेगळ्या गोष्टी बघितलेल्या असायच्या. मग भांडणं. आक्काचे वडील, आमचे आप्पा, दर रविवारी हात झटकायचे, "ह्याला बक्षीस दिलाच कसा त्या लोकांनी?" एकदा आक्का माहेरपणाला आली होती. शेंगा फोडता फोडता म्हणाली, "आप्पा, बक्षीस मिळतंय ते येगळं आणि आपल्याला आवडतंय ते येगळं. दोन्ही लिवून ठेवा की. भांडताय कशाला?"

तेव्हापासून दिल्लीचा निकाल लागायच्या आधीच्या एका रविवारी आम्ही सगळे निपाणीला जमू लागलो. जेवणं झाली की प्रत्येकानं दोन चिठ्ठ्या लिहायच्या. एक 'मिळणार', दुसरी 'माझा'. 'मिळणार'वर आपलं नाव घालायचं, कारण तिथं हारजीत होती. ज्याचे जास्त अंदाज खरे ठरतील त्याला वर्षभर, जेव्हा जेव्हा सगळे जेवायला बसतील तेव्हा, पहिली भाकरी. 'माझा' मात्र बिननावाची. ती भाकरीच्या बुट्टीत टाकायची, कुणीतरी एकानं काढून वाचायची आणि बाकीच्यांनी ती कुणाची ते ओळखायचं. मग त्या माणसानं उठून, तो सिनेमा आपल्याला का आवडला ते सांगायचं. ह्यात आक्काचा नियम एकच होता. "सांगणारा खाली बसूपर्यंत कुणी हसायचं न्हाय." दिल्लीत काय नियम असतील ते असोत, पण इतका अवघड नियम तिथंही नसावा.

पहिली भाकरी बहुतेक वर्षं आक्काच खायची. तिला एकाही सिनेमाचं नाव लक्षात राहायचं नाही. पिक्चरमध्ये जे दिसलं त्यावरून ती त्याचं नाव ठेवायची. तो सायकलचा, तो खोकणाऱ्या म्हाताऱ्याचा, तो सारखं पाऊस पडतोय आणि कुणी छत्री घेत न्हाय तो. आमच्या घरात मग तीच नावं चालायची. ह्या लेखातही मी तीच वापरतो. खरी नावं लिहिली तर तुम्ही माझ्या आक्काला सोडून सिनेमावर वाद घालत बसाल. एकदा मी तिला विचारलं, कुणाला मिळणार हे तुला कळतं तरी कसं? "सोपं हाय रं," ती म्हणाली. "पिक्चर चालू असताना शेजारचा माणूस सारखा घड्याळ बघतो काय ते बघायचं. बघत असला की दिल्लीत बक्षीस ठरलेलं." आणि तुला आवडलेला कसा ओळखतेस? "दुसऱ्या दिवशी माझी भाकरी करपली पाहिजे," ती म्हणाली. "तव्यासमोर बसून पिक्चरच दिसत असला तर तो माझा."

मी पुढं मराठीचा शिक्षक झालो आणि बेळगावच्या एका दैनिकाच्या पुरवणीत सिनेमावर लिहायला लागलो. 'आमचे समीक्षक' असं माझ्या नावाखाली दोनदा छापून आल्यावर तर माझी चालही बदलली, असं माझी बायको सुनीता सांगते. दरवर्षी पुरस्कारांच्या आधी माझा अंदाजांचा लेख यायचा. त्यातले खरे ठरलेले बहुतेक अंदाज आक्काचे असायचे. मी फोन करून तिला विचारायचो, ती सायकल, खोकला, छत्री असं काहीतरी सांगायची, मी त्यांची खरी नावं शोधून काढायचो आणि त्याभोवती 'मानवी अस्तित्वाचा शोध' वगैरे गुंडाळायचो. ती पुरवणी विकत घेऊन वाचायची आणि फोनवर म्हणायची, "लई छान लिवलास. माझ्या डोक्यात एवढं नव्हतं बाबा." ती थट्टा करायची की मनापासून बोलायची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता विहिरीचा पिक्चर.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आदल्या वर्षी माझे बाबा गेले होते. अर्धांगामुळं शेवटचे आठ महिने त्यांची वाचा बंद होती. ते हातानं काहीतरी सांगायचे, मी "कळलं, कळलं" म्हणायचो आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघायचो. कळलेलं काहीच नसायचं. तर आक्का एका मंगळवारी डोळे तपासायला बेळगावला आली आणि म्हणाली, चल, दुपारच्या खेळाला जाऊ, एक कन्नड पिक्चर लागलाय. मी आढेवेढे घेतले. आमच्यासारख्या, सीमाभागात मराठीचा झेंडा घेऊन पुरवणीत उभ्या असलेल्या माणसानं तिकीट काढून कन्नड सिनेमा बघायचा म्हणजे... एरवी मी कन्नडातच भाजीचा भाव करतो, कन्नडातच रिक्षावाल्याशी भांडतो, ते निराळं. शेवटी गेलो. सगळ्या थिएटरात मोजून अकरा माणसं.

बाप विहिरी खणणारा आणि त्याची मुलगी मुकी. बाप खाली, ती वर, मध्ये दोर. दोराला एक झटका म्हणजे भाकरी खाली सोडतेय. दोन झटके म्हणजे वर या. एवढीच त्यांची भाषा, त्यामुळं कन्नड येत नसतं तरी चाललं असतं. शेवटी बाप अंथरुणाला खिळतो, डोळे उघडत नाही. तेव्हा ती पोरगी त्याच्या मनगटाला दोर बांधते, दुसरं टोक हातात घेऊन उंबऱ्यावर बसते आणि दोन झटके देते. थांबते. पुन्हा दोन... मी रडलो. डोळे पाणावले वगैरे नाही, हुंदके देऊन रडलो. पुढच्या रांगेतल्या माणसानं मागं वळून बघितलं. आक्कानं पदर माझ्या हातात दिला आणि स्वतः पडद्याकडं बघत राहिली.

बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी मी म्हणालो, "आक्का, हे कुणाला सांगू नकोस हं."

"काय? कन्नड बघितलास ते, का रडलास ते?"

"दोन्ही."

"खुळा हाईस," ती म्हणाली. "बरं, न्हाय सांगत. पण यंदा तुझी चिठ्ठी कुठली असणार ते मला ठाऊक हाय बघ."

चिठ्ठी मी घरूनच लिहून नेली होती. 'विहिरीचा'. निपाणीला दारात पाऊल टाकलं आणि आत दाजींशेजारी घाटगे सर बसलेले दिसले. आमच्या भागातल्या एका गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, त्याचे ते कार्यवाह. त्या मंडपात आपल्याला भाषणाला बोलवावं म्हणून मी तीन वर्षं त्यांच्या पुढंमागं करत होतो. दाजींनी त्यांना चिठ्ठ्यांची गंमत बघायला म्हणून मुद्दाम जेवायला बोलावलं होतं, आणि त्यात माझंही काम होईल असा त्यांचा चांगला हेतू होता. मी खिशातली चिठ्ठी खिशातच ठेवली आणि आक्काकडं नवा कागद मागितला. "पहिली चुकली व्हय?" तिनं विचारलं. मी म्हणालो, अक्षर वाईट आलं. तिनं वहीतला कागद फाडून दिला.

बुट्टीतून चिठ्ठ्या काढायचा मान पाहुण्यांना. घाटगे सरांनी तिसरी का चौथी उघडली. "'विहिरीचा'... ही कसली विहीर हो?" घरातल्या सगळ्यांनी एकदम आरोळी ठोकली, "आक्का!" असली नावं दुसरं कोण लिहिणार? आक्का हात पुसत स्वयंपाकघरातून आली. सांगायला उभं राहायची तिची एक पद्धत होती, पदर खांद्यावर घट्ट घ्यायची, जशी काही ड्यूटीवर आहे. "कन्नड हाय सर," ती म्हणाली. "एक मुकी पोर असते..."

"आक्कानं पार्टी बदलली!" माझा मावसभाऊ दिलीप ओरडला आणि सगळी खोली हसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगणारं माणूस उभं असताना हसणं झालं. दाजी मात्र हसले नाहीत. पाहुण्यांसमोर त्यांचा चेहरा लाल झाला होता. "एवढे मराठी पिक्चर आले वर्षात," ते म्हणाले, "त्यातला एक आवडला न्हाय व्हय तुला?"

"आवडले की. हा जास्त आवडला."

"कुणाबरोबर गेलतीस?"

आक्कानं खांद्यावरचा पदर पुन्हा घट्ट केला. घाटगे सरांनी वातावरण सैल करायला माझ्याकडं मान वळवली. "काय समीक्षक, तुम्ही बघितलाय का हा विहिरीचा?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी अनेकदा मनात म्हणतो की तिच्या नजरेत विनवणी होती, आठवण करून देणं होतं. तसं काही नव्हतं. ती नुसती हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होती, आता बाळू सांगेल म्हणून. तिला खात्री होती.

"न्हाय बा," मी म्हणालो. "मी कशाला बघू?" एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ... पण समोर घाटगे सर होते आणि मला सुचलं. "आणि सर, रडवणं म्हणजे कला न्हवे. कांदासुद्धा रडवतो. म्हणून कांद्याला कुणी दिल्लीचा पुरस्कार देत न्हाय."

खोली फुटली हसण्यानं. घाटगे सरांनी मांडीवर थाप मारली. दाजीसुद्धा मिशीत हसले, त्यांची सुटका झाली होती. आक्का म्हणाली, "मी एकटीच गेलतो. डोळं तपासायला गेलतो तवा." आणि खाली बसली. का आवडला ते सांगायचं राहून गेलं आणि कुणी विचारलंही नाही. पुढं माझी चिठ्ठी निघाली. त्यावर एका भव्य ऐतिहासिक मराठी सिनेमाचं नाव होतं. त्याच्या उत्तरार्धात मी घोरत होतो, असं सुनीताचं म्हणणं आहे. त्यावर मी दहा मिनिटं बोललो. हसलं कुणी नाही. जांभई मात्र एकदोघांनी दिली असावी.

संमेलनाचं बोलावणं आठ दिवसांत आलं. विषय होता सिनेमा आणि आपली अभिरुची. मी कांदा तिथंही नेला. मंडपात टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत आक्का बसली होती, माझं भाषण ऐकायला निपाणीहून एसटीनं आलेली. तीही टाळ्या वाजवत होती. नंतर मंडपामागं तिनं माझ्या हातात शेंगांच्या पोळ्यांचा डबा दिला. "आवाज छान लागला तुझा," म्हणाली. मी त्या पोळ्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

त्यानंतर आक्का माझ्याबरोबर सिनेमाला आली नाही. भांडण नाही, रुसवा नाही. "गुडघा दुखतोय रं," "घरात पाव्हणे हाईत," असं काहीतरी. कोल्हापूरला ती शेजारणींबरोबर जाऊन आली, हे मला दुसऱ्यांकडून कळायचं. अंदाज मात्र विचारले की सांगायची. "कुणाला मिळंल ते इचार, सांगतो," असं म्हणायची. तुला कुठला आवडला म्हटलं की "माझं काय घेऊन बसलास," म्हणून विषय बदलायची. इकडं घरात कांद्याची गंमत मुरली होती. दरवर्षी चिठ्ठ्यांच्या दिवशी कुणीतरी विचारायचंच, "आक्का, यंदा विहिरीला पाणी हाय काय?" मीही विचारलंय. दोन वर्षं तर मीच पहिला होतो. ती हसायची आणि भात वाढायची.

शेवटची भेट झाली ती आक्का जाण्याआधी पंधरा दिवस. हृदय थकलंय म्हणून डॉक्टरांनी तिला खाटेवर झोपवलं होतं. बेळगावहून निघताना मी मनाशी ठरवलं होतं की आज सांगायचं. आक्का, चुकलो मी, एवढे तीन शब्द. निपाणीच्या स्टँडवर उतरेपर्यंत ते पाठ होते. तिनं मला बघून उशीवर जरा उठून बसायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "काय म्हणते दिल्ली?" झालं. मी सुटलो. दिग्दर्शक, अभिनेता, संगीत, सगळे विभाग घेतले. ती डोळे मिटून ऐकत होती. अर्ध्या तासानं मी म्हणालो, "आणि यंदा तुझा कुठला?" तिनं डोळे उघडले. "तुझा सांग की आधी," ती म्हणाली. "खरा."

'खरा' हा शब्द मी ऐकला. ऐकला नाही असं म्हणायची सोय नाही. तरी तोंडातून नाव आलं ते पुरवणीत ज्याच्यावर लिहायचं ठरलं होतं त्या सिनेमाचं. आक्का म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "चा घेतल्याबिगर जाऊ नको."

तेरावं झालं, पाहुणे पांगले. मला वाटलं, यंदा चिठ्ठ्या होणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला त्यात सुटल्यासारखं वाटत होतं. पण दाजींचा फोन आला. "रविवारी समदी या. चिठ्ठ्या हाईत." स्वयंपाक सुनीता आणि दिलीपच्या बायकोनं केला. बुट्टी दाजींनी स्वतः मांडीवर घेतली. मी 'माझा'वर एक शब्द लिहिला. अक्षर चांगलं आलं.

दाजींनी ती चिठ्ठी उघडली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "'विहिरीचा'," त्यांनी वाचलं. आणि खोलीतल्या एकूण एक माणसानं सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं... तिथं कुणी नव्हतं. मी उभा राहिलो. मी सगळं सांगितलं. मंगळवारची दुपार, अकरा माणसं, पदर, रसाचा गाडा, खिशातली चिठ्ठी, घाटगे सर, कांदा. बाबांच्या हातवाऱ्यांचंही सांगितलं, ते तर मी सुनीतालाही सांगितलं नव्हतं. कुणी हसलं नाही. मी बसलो तरी हसलं नाही.

दाजी बराच वेळ चिठ्ठीची घडी घालत होते. एवढ्याशा कागदाच्या किती घड्या होतील! मी त्यांच्या शब्दांची वाट बघत होतो. तुरुंगात जाऊन आलेला माणूस, आता आपल्याला काय काय ऐकून घ्यावं लागेल म्हणून. ते म्हणाले, "मी पण बघितलोय."

कुणाला काही कळेना.

"विहिरीचा. त्या चिठ्ठ्यांच्या फुडच्या आठवड्यात. ती म्हणाली, माझ्याखातर चला, नुसतं बसा, न्हाय आवडला तर मधनंच उठू." दाजींनी चिठ्ठीची घडी उलगडली. "उठलो न्हाय. माझा बा गेला तवा मी जेलमधी होतो. ते तिला ठाऊक होतं..." त्यांनी मिशीवरनं हात फिरवला. "भाईर आल्यावर मी तिला म्हटलो, हे कुणाला सांगू नको. आणि बाळूला तर अजाबात न्हाय. पेपरात लिवंल म्हटलो."

म्हणजे सात वर्षं एका घरात हे असं चाललं होतं. चिठ्ठ्यांच्या दिवशी मी एका खुर्चीत, दाजी दुसऱ्या खुर्चीत, दोघांनाही तिचा पिक्चर आवडलेला, दोघांनीही तिला गप्प राहायची गळ घातलेली. आणि विहिरीला पाणी हाय काय म्हटलं की दोघंही हसायचो. ती दोघांना भात वाढायची. मला दिलेला शब्द तिनं दाजींपासून लपवला, दाजींना दिलेला माझ्यापासून. तिनं एकदा जरी तोंड उघडलं असतं तर आमची दोघांची फजिती झाली असती आणि तिची सुटका. बाळंतिणींची किती गुपितं तिच्या पोटात असतील कुणास ठाऊक. त्यात आमची दोन, तीही एका सिनेमाची. दाजी माझ्याकडं बघत नव्हते, मी त्यांच्याकडं बघत नव्हतो.

तेवढ्यात सुनीता दारातून म्हणाली, "अहो, मग त्या पिक्चरबद्दल आक्का बोलायच्या तरी कुणाशी?"

सगळ्यांत साधा प्रश्न, आणि तो आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नव्हता. दाजींनी बाहेरच्या पायरीकडं बघितलं. "मल्लव्वाशी बोलायची कायतरी," ते म्हणाले. "पायरीवर बसून."

मल्लव्वा म्हणजे दही-लोणी विकायला येणारी बाई. संकेश्वरकडच्या एका खेड्यातून येते. मी सोमवारची रजा टाकली आणि निपाणीतच राहिलो. सकाळी दहाच्या सुमाराला ती आली, बुट्टी उतरवली आणि पायरीवर बसली. आत हाक मारली नाही. आक्का गेल्याचं तिला माहीत होतं, तरी दर सोमवारी येऊन घटकाभर बसून जाते, असं दाजी म्हणाले. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. आक्काचा भाऊ म्हणून सांगितलं. विहिरीचा पिक्चर बघितलाय का, विचारलं.

"मी कुठनं बघतो रे अण्णा?" ती म्हणाली. "अक्कानंच सांगितला. धा वेळा तरी सांगितला असंल." आणि आमच्या मराठीत, मध्येमध्ये कन्नड मिसळत, तिनं मला तो सगळा सिनेमा सांगितला. एक झटका, दोन झटके, भाकरीचं गाठोडं, बापाचं अंथरूण. सगळं बरोबर. मला आठवत नव्हत्या त्या गोष्टीही. आक्काला का आवडला ते आमच्या खोलीत कधी सांगून झालं नाही. ते सगळं ह्या पायरीवर सांगून झालं होतं.

"पोरगी उंबऱ्यावर बसलीया," मल्लव्वा म्हणाली. "हात पार सोलून निघाल्यात. आणि मग तिचा तम्मा येतो बघ."

"तम्मा?"

"धाकटा भाऊ रे. शहरात असतो, लई शिकलेला. तो येतो आणि मागनं दोर धरतो. मग दोघं मिळून ओढत्यात." तिनं पदरानं नाक पुसलं. "उशीर करतो यायला. अक्का म्हणायची, त्याला नेहमीच उशीर होतो. पण येतो."

त्या सिनेमात भाऊ नाही. मी सिनेमावर लिहिणारा माणूस आहे, एवढं तरी मला नक्की सांगता येतं. मुलगी एकटी असते, शेवटपर्यंत एकटीच दोर धरते. मी मल्लव्वाला तसं काही सांगितलं नाही.

ती माप काढून दही घालायला बसली आणि म्हणाली, "भांडं आण, अण्णा." मी उठून आत गेलो. स्वयंपाकघरात मधोमध उभा राहिलो. चाळीस वर्षं ह्या घरात जेवलो होतो, आणि आक्का दह्याला कुठलं भांडं घ्यायची, कुठं ठेवायची, काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"फळीवर बघ," मल्लव्वा पायरीवरनं ओरडली. "मधल्या. तांब्याच्या मागं."